सोमवारी या

१

आमच्या रस्त्यावर मला सगळे सोमवार मास्टर म्हणतात. माझं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण पाटी रंगवून घ्यायची राहिली आहे, त्यामुळे ते आता कुणाला वाचता येत नाही. नवे कपडे मी शिवत नाही, ते दिवस गेले. पँटची उंची कमी करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, फाटलेलं अस्तर काढून नवं लावणं, अशी दुरुस्तीची कामं करतो. कुणी बुधवारी येवो की शनिवारी, कपडा हातात घेतला की माझ्या तोंडून एकच वाक्य बाहेर पडतं. "सोमवारी या."

कुठल्या सोमवारी, ते मी सांगत नाही आणि लोकही आता विचारत नाहीत. समोरच्या सलूनवाल्याने एका गिऱ्हाइकाला माझ्यादेखत सल्ला दिला होता. "मास्टरांचं काम एक नंबर. फक्त मुलाचं बारसं झालं की त्याच्या लग्नाचा सूट टाकून जा." मीही हसलो. त्यात खोटं काय होतं?

मी आळशी नाही, हे मात्र आत्ताच सांगून टाकतो. आळशी माणूस स्वस्थ बसतो. मी दिवसभर राबतो. मशीनला तेल घालतो, बटणं रंगाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत लावतो, मग आकाराप्रमाणे लावावीत असं वाटतं म्हणून परत सगळी ओततो. जे करायचं असतं तेवढं सोडून बाकी सगळं करतो, आणि संध्याकाळी खरोखर दमलेला असतो.

दुकान माझ्या वडिलांचं, अप्पांचं. त्यांची एक शिस्त होती. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी उद्याच्या पहिल्या कामासाठी सुई ओवायची, त्या कपड्यात एक टाका घालायचा आणि मगच घरी जायचं. सकाळी आलं की काम सुरू झालेलंच असतं, मनाला कां-कू करायला जागा उरत नाही. ही शिस्त मी अजून पाळतो, पण अर्धी. सुई ओवतो, कपड्यात टोचून ठेवतो. टाका उद्या. मागच्या भिंतीवर खुंट्यांची रांग आहे. त्या दिवसांत तिच्यावर चौदा कपडे लटकत होते आणि चौदांमध्येही एकेक ओवलेली सुई होती.

चौदाव्या खुंटीवर अप्पांचा कोट होता.

२

त्या कोटाबद्दल सांगायलाच हवं.

अप्पांचे हात थरथरू लागले तेव्हा ते ऐंशीचे होते. तरी रोज दुकानात यायचे, सुई टोचू नये म्हणून अंगुस्तान बोटात चढवायचे आणि शिवायला बसायचे. टाके वाकडे पडत. ते घरी गेले की मी ते उसवायचो आणि पुन्हा घालायचो. वर्षभर असं चाललं. मग एक दिवस एका गिऱ्हाइकाने शर्टाची बाही वर धरली आणि हसला. तो शर्ट माझ्या नजरेतून सुटला होता. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की माझी जीभ सुटते. त्या माणसासमोरच मी म्हणालो, "अप्पा, आता तुम्ही कशाला हात लावत जाऊ नका."

अप्पांनी अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं. आठवड्याभरात ते पुलापलीकडे ताईकडे राहायला गेले.

त्याला तीन वर्षं झाली. मी महिन्यातून एकदा जातो. आम्ही हवेबद्दल बोलतो, त्यांच्या गुडघ्यांबद्दल बोलतो, पेपरात काय आलंय ते बोलतो. "अप्पा, त्या दिवशी माझं चुकलं" हे पाच शब्द प्रत्येक वेळी जिन्यापर्यंत माझ्याबरोबर येतात आणि तिथेच थांबतात.

दोन महिन्यांपूर्वी ताई त्यांचा कोट घेऊन आली. तरुणपणी त्यांनी स्वतः बेतून स्वतः शिवलेला. "अंगात फार सैल झालाय," ती म्हणाली. "तुझ्याच हातून बारीक करून हवाय, दुसऱ्या कुणाकडे देऊ नकोस म्हणाले." मग आवाज खाली आणून म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. लवकर कर रे बाबा."

मी "सोमवारी" एवढं म्हणालो आणि जीभ चावली. कोट पाठवण्यामागे काय आहे ते मला कळलं होतं. म्हणूनच तर हात लावत नव्हतो. कोट तयार झाला की तो घेऊन जावं लागणार, आणि गेलो की बोलावं लागणार.

तेव्हापासून आठ सोमवार गेले होते.

३

माझी बायको वाचनालयात काम करते. टाळाटाळ कशी थांबवावी यावर तिने मला तीन पुस्तकं आणून दिली आहेत. ती मी वाचायची ठेवली आहेत. शेवटी ती म्हणाली, "अहो, वाचू नका, निदान काय काय राहिलंय ते लिहून तरी काढा. डोळ्यांसमोर असलं की होतं." म्हणून मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कपड्यांवर खुणा करायच्या खडूने यादी लिहिली. आधी तेरा कपडे. मग घरचा गळका नळ, फोटोसाठी खिळा, दाताचा डॉक्टर, "हिला नदीवर नेणे". सगळ्यात खाली लिहिलं, "अप्पा. कोट आणि ते." लिहून इतकं बरं वाटलं की त्या दिवशी दुसरं काही केलं नाही.

दुपारी दोन ते तीन मी शटर अर्धं ओढून पडद्यामागच्या बाकावर आडवा होतो. त्या मंगळवारीही झालो. झोपेत मशीनचा आवाज ऐकू येत होता. पायडलचा तो आवाज जन्मापासून कानात आहे, त्यामुळे जाग आली नाही, उलट झोप जास्तच छान लागली.

उठून बाहेर आलो तर पहिल्या खुंटीवरची करडी पँट, एका शिक्षिकेच्या मुलाची, घडी घालून टेबलावर ठेवलेली. खालची तुरपाई पूर्ण. सुई परत सुयांच्या गादीत टोचलेली. कपाट उघडलं. यादीतली पहिली ओळ पुसलेली होती.

मी विचार केला, माणूस विसरतो. सकाळी केली असेल. पँट उलटी करून उजेडात धरली. टाका माझाच होता. मी दोरा कात्रीने कापत नाही, दातांनी तोडतो, ते तुटलेलं टोकही तसंच. पण टाके इतके बारीक, इतके एकसारखे होते, की बघत राहिलो. असे टाके मी पंचविशीत घालायचो, जेव्हा कपडा हातात आल्याबरोबर कामाला बसायचो.

शिक्षिका संध्याकाळी सहज डोकावली. मी पँट पुढे केली तेव्हा तिला खुर्चीवर बसावं लागलं.

४

त्या दिवसापासून रोज दुपारी दोन कपडे तयार होऊ लागले.

खरं सांगायचं तर मी घाबरलो नाही. खूश झालो. भूत असेल तर असो, काम चोख होतं. रस्त्यावर माझी पत वाढली. सलूनवाल्याने विचारलं, "मास्टर, तब्येत बरी आहे ना?" मी दुपारची झोप अर्ध्या तासाने वाढवली.

तरी मनाला शांती नव्हती. वाटलं, मी झोपेत उठून शिवत असणार. लोक झोपेत चालतात, शिंप्याने झोपेत शिवलं तर काय मोठंसं? खात्री करावी म्हणून एका दुपारी पायाच्या अंगठ्याला दोरा बांधला आणि दुसरं टोक बाकाच्या पायाला. कच्चा दोरा, जरा ताणला तरी तुटेल असा. शिवाय गाठ आमच्या धंद्यातली, एकदा सोडली की तशीच परत बसत नाही.

जाग आली तेव्हा दोरा जसाच्या तसा होता. गाठही. बाहेर दोन कपडे घडी घालून ठेवलेले होते.

मी अंगठ्याला दोरा तसाच घेऊन बाकावर बसून राहिलो. पडद्यापलीकडे दुकान शांत होतं, पण मशीनचं चाक अजून हळूहळू फिरत होतं. ते पूर्ण थांबेपर्यंत मी पडदा सरकवला नाही.

बाहेर आलो, तर समोरून सलूनवाला म्हणाला, "मास्टर, आज लगबगीने कुठे गेला होतात?"

"मी? कधी?"

"मघाशी. शटरखालून वाकून निघालात. मी हात केला, तुम्हीही केलात."

"कपडे कुठले होते माझ्या अंगावर?"

त्याने मला खालून वर पाहिलं. "हेच की. मास्टर, खरंच तब्येत बघा."

५

घरी गेलो तर नळ गळत नव्हता.

बायको म्हणाली, "दुपारी येऊन केलात होय? शेजारणीने सांगितलं. पान्हा घेऊन आलात म्हणे, दहा मिनिटांत गेलात. नवऱ्याची दृष्ट काढायला हवी." दुसऱ्या दिवशी भिंतीवर खिळा आला, त्यावर फोटो आला, आणि सरळ लागला. दाताच्या डॉक्टरकडून निरोप आला की दाढ भरून झाली आहे, दोन दिवस त्या बाजूने चावू नका. मी जीभ फिरवून पाहिली. खड्डा जागच्या जागी होता. कुणाची दाढ भरली गेली, हा विचार मी फार वेळ करू शकलो नाही.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी बायको घरी आली ती गुणगुणतच. पर्स खुंटीला लावताना माझ्याकडे बघून हसली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. ते हसू मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आज बरं वाटलं हं," ती म्हणाली.

"कशाचं?"

"नदीवर. मला वाटलं होतं, तुम्ही आयुष्यात नेणार नाही. आणि आज सरळ वाचनालयात येऊन उभे राहिलात." ती माझ्याजवळ येऊन बसली. "आणि इतकं बोललात. इतकं तर लग्नाआधीही बोलला नव्हतात."

दुपारी मी बाकावर झोपलो होतो, पायाला दोरा बांधून.

"काय बोललो गं मी?" मी विचारलं.

"पुरे आता." तिने मला कोपराने ढोसलं. "एकदाच छान बोलता, आणि परत माझ्या तोंडून ऐकायचंय."

मी तिला खरं सांगू शकलो नाही. सांगितलं असतं तर ते हसू गेलं असतं. पण मी जळलो. स्वतःवरच, स्वतःच्या बायकोवरून. सत्तावीस वर्षं साठवलेलं माझं बोलणं कुणीतरी तिला सांगून टाकलं, आणि ते काय होतं हे मला आता कधीच कळणार नव्हतं.

शनिवारी सकाळी दुकानात जाऊन कपाट उघडलं. यादी पुसलेली होती. तळाशी फक्त एक ओळ राहिली होती.

६

माझ्यासारखा दिसणारा तो जो कुणी होता, तो अप्पांकडे जाणार, समोर बसणार, ते पाच शब्द म्हणणार. सुरेख म्हणणार, यात मला शंका नव्हती. अप्पा त्याला माफ करतील. आणि मी? महिन्याभराने जाईन तेव्हा अप्पा मोकळेपणाने हसतील, आणि ते कशाला हसतायत ते मला फक्त अंदाजाने कळेल. कदाचित तोवर अप्पा नसतीलही.

इतर सगळं त्याने न्यावं. हे नाही.

उपाय सोपा होता. झोपायचं नाही. कोट आजच शिवायचा आणि आजच न्यायचा. मी चौदाव्या खुंटीवरून कोट काढला, टेबलावर पसरला. दोन्ही बगलांखालच्या शिवणी उसवून आत घ्यायच्या होत्या. खडूने खुणा केल्या, उसवलं. इथवर छान झालं. मग वाटलं, अशा कामाला कात्रीला धार हवी. धार लावली. मग वाटलं, दोरा कोटाच्या रंगाशी तंतोतंत जुळायला हवा, अप्पांची नजर तिखट आहे. काळ्या दोऱ्याची सात रिळं काढून खिडकीत ठेवून पाहिली. मग हात काळे झाले म्हणून मागे मोरीत हात धुवायला गेलो.

नळाचं पाणी चालू असताना पायडल वाजलं.

मी जागा होतो. हात साबणात होते. पाणी बंद केलं, आवाज थांबला. धावत बाहेर आलो. दुकानात कुणी नव्हतं. कोट टेबलावरून मशीनवर आला होता आणि डाव्या बाजूची शिवण अर्धी झाली होती.

तेव्हा मला कळलं. झोपेचा काही संबंधच नव्हता. मी जितका वेळ टाळत होतो, तितका वेळ तो वापरत होता. झोप ही माझी टाळण्याची सगळ्यात लांब पद्धत होती, इतकंच.

मी ती अर्धी शिवण उसवली. तशीच ठेवायचा मोह झाला, इतकी सुंदर होती. पण उसवली. अप्पांच्या त्या शिस्तीचा उरलेला अर्धा भाग आठवला. ते म्हणायचे, "एक टाका घाल, मग काम तुझं." मी सुई घेतली आणि टाका घातला. मग दुसरा. फोन वाजला, घेतला नाही. सलूनवाला काहीतरी विचारायला आला, त्याला मान वर न करता म्हणालो, "सोमवारी या." पाठ भरून आली, डोळे चुरचुरले, तरी हात थांबवला नाही. ट्रायल रूमचा पडदा दोनदा हलला. वाऱ्याने असेल. पंखा बंद होता, पण वाऱ्याने असेल.

उजव्या बाजूचे शेवटचे टाके जरा घाईचे झाले. चार वाजता दोरा दातांनी तोडला.

७

कोट कागदात गुंडाळला आणि निघालो. ताईचं घर वीस मिनिटांवर. रस्ता, मग पूल, मग उजवीकडची गल्ली.

कोपऱ्यावर चहावाल्यापाशी पाय आपोआप थांबले. घोटभर चहा घेऊन जावं, घसा तरी मोकळा होईल. कप तोंडाला लावला आणि समोर पाहिलं.

स्वतःची पाठ माणसाला सहसा माहीत नसते. मला माहीत आहे. ट्रायल रूममध्ये समोरासमोर दोन आरसे आहेत, तीस वर्षं मी माझी पाठ बघत आलो आहे. डावा खांदा जरा उतरलेला, कॉलर मागे दुमडलेली. ती पाठ माझ्यापुढे पन्नासेक पावलांवर होती आणि चालत होती.

मी कप ठेवला आणि निघालो. तो थांबला. एका दुकानाच्या काचेत काहीतरी बघत उभा राहिला. मी चालत राहिलो तोवर तो हलला नाही. अंतर कमी झालं, वीस पावलं, पंधरा. त्याची मान वळलेली नव्हती, पण काचेत त्याचा चेहरा असणार, आणि अजून थोडं पुढे गेलो तर तो मला दिसणार. मी थबकलो. एवढं पुरलं. तो पुन्हा चालू लागला.

मग मला युक्ती समजली, आणि हसू आलं. भर रस्त्यात एकटाच हसलो. मी थांबलो की तो चालणार, मी चालत राहिलो की तो थांबणार. म्हणजे न थांबता चालत राहिलं की झालं. इतकं साधं गणित माझ्या बायकोला पहिल्यापासून माहीत होतं.

मी चालत राहिलो आणि त्याच्या शेजारून, काचेकडे न बघता, पुढे निघून गेलो. जाताना खडूचा आणि मशीनच्या तेलाचा वास आला. तो माझाही असू शकेल.

पुलावर पोहोचलो आणि तिथे घात झाला. वाटलं, वाक्य एकदा म्हणून बघावं. "अप्पा, त्या दिवशी." इथे जरा थांबावं का? की एका दमात म्हणावं? कठड्याला टेकलो, खाली पाणी वाहत होतं. "त्या दिवशी मी जे बोललो" असं म्हटलं तर बरं वाटेल का? की "माझ्याकडून चूक झाली"? किती वेळ गेला कोण जाणे. भानावर आलो तेव्हा मागे पुलावर कुणी नव्हतं, आणि पुढे, पुलाच्या टोकाला, उतरलेला डावा खांदा उजवीकडच्या गल्लीत वळत होता.

मी पळालो. त्रेपन्नाव्या वर्षी, हातात कोट घेऊन, एका कुत्र्याला मागे लावून घेत पळालो.

८

ताईने दार उघडलं आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"अरे, तू खाली कधी आलास? आत्ता तर वर गेलास." मग हातातल्या पुडक्याकडे पाहून म्हणाली, "हां, कोट विसरला होतास होय. मला वाटलंच, रिकाम्या हाताने कसा आला हा."

मी जिना चढलो.

अप्पांची खोली लहान आहे. खिडकीशी त्यांची खुर्ची, तिच्यापुढे एक स्टूल, भिंतीला पलंग. दार आत उघडतं आणि भिंतीला टेकतं, त्यामागे टॉवेल अडकवायच्या खुंट्या आहेत. अप्पा खुर्चीत बसले होते, मांडीवर थरथरते हात.

"बोल," ते म्हणाले. "मध्येच उठलास का? 'अप्पा, त्या दिवशी' म्हणालास आणि दारामागे गेलास. काय आहे तिकडे?"

मी स्टुलावर बसलो. स्टूल उबदार होतं. तिथून दार दिसत होतं, आणि दाराच्या खालून बाहेर आलेलं बुटाचं एक टोक. पायडलने पुढून घासलेलं. माझ्या पायातल्या बुटाचं टोकही तसंच आहे.

मी पुडकं सोडलं. "कोट आणलाय," म्हणालो.

"दिसतोय."

"आज हवा बरी आहे नाही?"

बूट बोटभर पुढे आला.

"गुडघे कसे आहेत अप्पा?"

बूट आणखी पुढे आला. त्याच्या मागे पँटची कड दिसली. तुरपाई अप्रतिम होती.

"अप्पा, त्या दिवशी माझं चुकलं," मी म्हणालो. आवाज चिरका निघाला, पुलावर घोकलेलं सगळं वाहून गेलं होतं. "गिऱ्हाइकासमोर तसं बोलायला नको होतं. मला लाज वाटली तुमची, आणि आता माझी वाटते. तीन वर्षं सांगायचंय, सांगवत नव्हतं." आणि मी रडायला लागलो, त्रेपन्न वर्षांचा घोडा, स्टुलावर बसून.

डोळे पुसून पाहिलं तेव्हा दाराखाली फक्त फरशी होती.

९

अप्पांनी पुडकं मांडीवर ओढून घेतलं. मग त्यांनी कोट अंगात घातला, मी बाह्यांत हात घालायला मदत केली. बगलेखालच्या शिवणी त्यांनी बोटांनी चाचपल्या, आधी डावी, मग उजवी.

"इकडची घाईत केलीस."

"हो."

"बरोबर बसलाय." ते खुर्चीत मागे टेकले. चेहरा सैल झाला होता, थकलेला. "माझंही तुला एक सांगायचं राहिलंय. तीन वर्षं झाली त्यालाही. पण आता दमलो रे. पडतो जरा. उद्या ये, उद्या सांगतो."

दारामागे कुणीतरी खाकरलं.

अप्पा बोलायला सुरुवात करायच्या आधी तसे खाकरतात, दोनदा, दुसऱ्यांदा हलकेच. माझ्यासमोर बसलेल्या अप्पांचे ओठ मिटलेले होते. मग दाराच्या कडेवर एक हात आला. बोटांची पेरं, नखं, अंगठ्यावरचा कात्रीचा जुना वण, सगळं अप्पांचं. बोटात अंगुस्तान होतं. आणि तो हात थरथरत नव्हता.

मी स्टूल पुढे ओढलं आणि अप्पांचे दोन्ही हात धरले. ते माझ्या हातांत थरथरत राहिले आणि त्या थरथरीने मला इतका धीर आला की काय सांगू.

"उद्या नाही अप्पा. आत्ता सांगा."

"अरे, पण एवढं काही—"

"पडून सांगा, बसून सांगा, कसंही सांगा. पण आत्ता. तुम्हीच सांगा."

अप्पांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग ते खाकरले, दोनदा.

"तू बोललास म्हणून मी गेलो नाही," ते म्हणाले. "तू माझं उसवून परत शिवायचास, ते मला माहीत होतं. संध्याकाळी ठेवलेला माझा टाका सकाळी तुझा झालेला असायचा. सुरुवातीला वाटलं, मला झालंय तरी काय, कोण येऊन माझं काम करून जातंय?" ते हसू लागले. "मग तुझं दातांनी तोडलेलं टोक दिसलं. तेव्हाच थांबायला हवं होतं. रोज ठरवायचो, आज पोराला सांगू, आता बास. पण तोंडातून निघत नव्हतं. वर्षभर तू माझी शिवण उसवलीस आणि मी वर्षभर उद्या-उद्या केलं. त्या दिवशी तू बोललास आणि मी सुटलो. राग नव्हता रे. सुटलो होतो. एवढंच सांगायचं होतं."

"मग तीन वर्षं का नाही सांगितलंत?"

"म्हटलं, सांगू कधीतरी."

आम्ही दोघं हसलो. हसता हसता अप्पांना खोकला आला, मी पाणी दिलं, ते प्यायले आणि पुन्हा हसले. खालून ताईने ओरडून विचारलं, काय चाललंय वर, आणि आम्हाला आणखीच हसू आलं. तीन वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. तरी माझी नजर अप्पांच्या खांद्यावरून परत परत दाराकडे जात होती.

अप्पांनी ते पाहिलं.

"नको बघूस तिकडे," कोटाचं बटण लावता लावता ते म्हणाले. "गेले दोघंही."